गल्लीने दिलेले दहापैकी दहा

आमच्या धंद्यात जो दार उघडतो त्याच्याशी बोलायचं नसतं. हे ऐकून लोक हसतात, पण आमची निम्मी भांडणं या एका नियमापासून सुरू होतात.

मी सर्वेवाली. हैदराबादेत जवळजवळ तीस वर्षं दारोदार हिंडून लोकांना प्रश्न विचारले. आधी साबण, चहा आणि टूथपेस्ट यांबद्दल विचारायची, पण जीव रमला तो लोकशाहीच्या सर्वेत. दर काही वर्षांनी निरनिराळ्या देशांतल्या लोकांना एक प्रश्न विचारतात: तुमच्या देशात लोकशाही जशी चालते आहे, तिच्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? शून्य ते दहामधला आकडा सांगा. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे पूर्णपणे. मग मोठी माणसं त्या आकड्यांवर लेख लिहितात आणि टीव्हीवर तावातावानं भांडतात. आमचे हे निवृत्त होईपर्यंत बँकेत होते. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "गावाला मत विचारत फिरते, घरात भाजी कोणती करू हेही विचारत नाही." खरं आहे. दिवसभर लोकांची मतं ऐकून आल्यावर घरचं मत ऐकायचं त्राण राहत नाही.

तर दाराची गोष्ट. घर कुठलं घ्यायचं हे आम्ही ठरवत नाही. एका ठिकाणापासून निघायचं, उजव्या हाताच्या बाजूनं चालायचं, मधली ठरलेली घरं सोडत जायचं. घर मिळालं की तिथे राहणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांची नावं वयाप्रमाणे लिहायची आणि मग एक तक्ता बघायचा. तक्ता सांगेल त्याच माणसाशी बोलायचं. नाहीतर काय होतं, दार उघडतो घरातला बोलका पुरुष, आणि सगळ्या देशाचं मत म्हणजे बोलक्या पुरुषांचं मत होऊन बसतं.

हिमायतनगरात एका मराठी वकीलसाहेबांकडे हाच तक्ता घेऊन गेले होते. जुनं घराणं, तीन पिढ्या कोर्टात. मी विषय सांगितल्याबरोबर त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि घसा साफ केला. मी नावं लिहायला घेतली. स्वयंपाकाच्या लक्ष्मम्मा तिथेच राहायच्या, म्हणून त्यांचंही नाव लिहिलं. वकीलसाहेब म्हणाले, "ती घरची नाही."

"जेवतात कुठे?"

"इथेच."

"आणि झोपतात?"

"इथेच की."

"मग आमच्या लेखी घरच्याच," मी म्हटलं. तक्त्यानं नेमकं लक्ष्मम्मांवर बोट ठेवलं.

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अहो बाई, लोकशाहीवर मी बोलायचं की तिनं?" मी हात जोडले आणि स्वयंपाकघरात गेले. लक्ष्मम्मांनी गॅस बंद केला, पदराला हात पुसले, प्रश्न तेलुगूतून दोनदा वाचायला लावला आणि विचार करून सहा म्हणाल्या. दारातून साहेबांचा आवाज आला, "सहा? सहा कशावरून?" बाई वळल्या आणि तेलुगूत शांतपणे म्हणाल्या, "अय्यगारु, तुम्ही मत कोणाला दिलंत हे मी कधी विचारलं का?" साहेब बैठकीत जाऊन बसले. नंतर मला चहा पाजून त्यांनी लोकशाहीवर तासभर सुनावलं. मी सगळं ऐकलं. लिहिता मात्र एक अक्षर आलं नाही.

आम्हाला सरकारी समजणारेही पुष्कळ. रेशनकार्ड घेऊन येतात, पेन्शन अडकल्याचं सांगतात. सुलतान बाजारात एका कपड्याच्या दुकानदारानं लोकशाहीला दोन दिले होते. कारण मी विचारलं नव्हतं, विचारायचंही नसतं, पण त्याच्या दुकानासमोर नाला तुंबलेला होता आणि मी नाकाला पदर लावूनच उभी होते. दोनेक महिन्यांनी मी साडीला फॉल घ्यायला तिकडे गेले, तर हा दुकानातून ओरडतोय, "मॅडम! मॅडम! वो मेरा दो था ना, उसकू पाँच करदो. नाला साफ हो गया!" मी म्हटलं, फॉर्म कधीच गेले. तो खरोखर हळहळला. आपल्या हातून कुणावर तरी अन्याय झाला असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

आता जरा अवघड गोष्ट सांगते. मी पुढे सुपरवायझर झाले. सुपरवायझरचं काम म्हणजे संशय घेणं. काही सर्वेवाले घरोघर जातच नाहीत, झाडाखाली बसून मनानं फॉर्म भरतात. ते पकडायला आम्ही काही घरांत पुन्हा जातो, सर्वेवाल्याला न सांगता. कुणी आलं होतं का, किती वेळ बसलं, काय विचारलं, हे बघतो. फॉर्म खोटे निघाले तर त्या माणसाचं नाव कटतं. शहरात आमचं जग छोटं. एका ठिकाणी कटलेल्या नावाला दुसरीकडे काम मिळत नाही.

गोपाळराव म्हणून आमच्याकडे एक होते. एकदा त्यांच्या एका वस्तीतल्या जवळजवळ सगळ्या फॉर्मांत एकच उत्तर आलं, "सांगता येत नाही." मी मान दुखावली म्हणून घरी होते. घरी बसून फॉर्म चाळले आणि लिहून टाकलं, खोटे. गोपाळरावांनी भांडण केलं नाही. बॅग ठेवली, ओळखपत्र ठेवलं आणि गेले. पुढे कळलं, त्या वस्तीला घरं पाडायची नोटीस त्याच आठवड्यात लागली होती. लोक अनोळखी माणसाजवळ तोंड उघडायला घाबरत होते. त्या माणसानं जे ऐकलं तेच लिहिलं होतं. मी त्यांना शोधलं, माफी मागायला गेले, तर ते घर सोडून मुलाकडे दुसऱ्या गावी गेलेले. माझी मान दुखत होती, हे कारण मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं. ते पुरत नाही.

म्हणून फरहतच्या वेळी मी घरी बसले नाही.

फरहत माझ्या हाताखाली अकरा वर्षं होती. पंचेचाळिशीची बाई, नवरा आजारी, घर तिच्यावरच. पण तिला काम येत होतं म्हणून ती मला आवडायची, गरजू म्हणून नाही. दार आपटणाऱ्याशीही ती अशा अदबीनं बोलायची की तो दोन मिनिटांत पाणी विचारायचा. माझ्या निवृत्तीआधीचा हा शेवटचा सर्वे. तोवर कागद जाऊन टॅबलेट आले होते. सकाळी मुख्य ऑफिसातून फोन आला. तिथले साहेब वयानं माझ्या भाच्याएवढे. म्हणाले, "मॅडम, फरहतचे अफझलगंजमागच्या गल्लीतले सोळा फॉर्म बघा. लोकशाहीला सोळापैकी चौदा जणांनी दहापैकी दहा दिलेत. असं कुठे असतं का? बाई घरी बसून बटणं दाबतेय. संध्याकाळपर्यंत तुमचा शेरा पाठवा, नाव काढून टाकू."

खरं सांगते, मलाही धक्का बसला. चौदा दहा! इतक्या वर्षांत मला एका गल्लीत दोन दहा मिळाले तरी मी चष्मा काढून पुन्हा बघत असे. मी तिचे फॉर्म उघडले. शेवटी शेऱ्यासाठी एक रिकामी चौकट असते, ती कुणी भरत नाही आणि भरली तर कुणी वाचत नाही. फरहतनं ती भरली होती. एकीत लिहिलं होतं, "जवाब देते वक्त मुस्कुराये." दुसरीत तेच. तिसरीतही तेच. घरी बसून लबाडी करणारी बाई असले उद्योग कशाला करेल? पण ऑफिसला असला पुरावा चालत नाही. मी रिक्षा केली.

पहिलं दार हुसैनी बींचं. सत्तरीच्या, साड्यांना गोंडे बांधून देणाऱ्या. मी ओळखपत्र दाखवलं आणि विचारलं, "खालाम्मा, परसों कोई आया था क्या सर्वे करने?"

"आयी थी ना. फरहत. बडी नेक बच्ची. इत्ती देर बैठी, मेरे दुपट्टे की गाँठ भी खोल के दी."

माझ्या छातीवरचा दगड अर्धा उतरला. म्हणजे ती आली होती, बसली होती. मग नियमाप्रमाणे मी तोच प्रश्न पुन्हा वाचला.

"दस," हुसैनी बी म्हणाल्या आणि सुई खाली ठेवून माझ्याकडे रोखून बघू लागल्या. "दस बोली मैं. आप कम करने कू आये क्या?"

दुसऱ्या घरात तेच. तिथली बाई दार अर्धं लावून म्हणाली, "दस. लिख लो. और पूछे तो भी दसच." तिसऱ्या घरात मी प्रश्न वाचून संपवायच्या आत उत्तर आलं. तोवर गल्लीत कुजबुज पोचली होती, "बडी मॅडम आयी, नंबर काटने कू." मुलं माझ्या मागे, बाया उंबऱ्यांवर. मला काही कळेना. लोक खरे, भेट खरी, उत्तर खरं, आणि तरी काहीतरी साफ चुकलेलं.

चौथ्या दारात जावेद भेटला. पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप, जेवणाचे डबे पोचवणाऱ्या एका कंपनीत कामाला, गाडी पुसत होता. तो मला बघून थेट म्हणाला, "मॅडम, उनकी शिकायत किसने करी? हमारी गल्ली से तो नै गयी."

"कसली शिकायत?"

"अरे, नंबर कम आये क्या उनके? मैं सबकू बोला था, दस से नीचे नक्को देना. मेरेकू मालूम ना मॅडम. कस्टमर चार स्टार दिया तो भी हमारी आयडी लटकती, काम बंद. उनो बिचारी धूप में फिर री. उनके हाथ में वो टॅब, उसपे गोल-गोल जीरो से दस. मैं देखतेच समझ गया."

मी तिथेच त्याच्या दगडी पायरीवर बसले.

गल्लीला वाटलं होतं की हे मार्क फरहतचे आहेत. फरहत प्रश्न लोकशाहीचा वाचत होती, आणि लोक मनात म्हणत होते, हो हो, ते लांबलचक वाक्य वाचायची तुझी नोकरी असेल बाई, आम्हाला ठाऊक आहे शेवटी तुझं काय होतं ते. म्हणून हसून दहा देत होते. हल्ली दारात येणारा प्रत्येक माणूस जाताना स्टार मागतो. डबेवाला मागतो, गॅसवाला मागतो, नळ दुरुस्त करणारा मागतो. मग ही का वेगळी असेल?

फरहतला फोन लावला. ती रडवेली झाली. "मॅडम, मेरेकू भी अजीब लगा. पर मैं क्या करती? आपच सिखाये ना, सवाल जैसा का वैसा पढो, समझाना नै, मुँह कोरा रखो."

मीच शिकवलं होतं. अकरा वर्षांपूर्वी, पहिल्या दिवशी, मोठ्या तोऱ्यात. म्हणजे त्या चौदा दहांमध्ये माझाही वाटा होता.

मी उभी राहिले आणि तीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. गल्लीला समजावून सांगितलं. हे नंबर फरहतचे नाहीत, देशातल्या लोकशाहीचे आहेत. आणि तुम्ही सगळ्यांनी दहा दिल्यामुळे ऑफिसला ती खोटी वाटते. आज संध्याकाळी तिचं नाव कटणार आहे.

मग एकच गलका झाला. हुसैनी बींनी जावेदला असं काही झापलं की त्याचे कान लाल झाले. "तू पढा-लिखा बोलको सुने ना हम! उसका घर बिठा दिया तू!"

जावेद बिचारा घायकुतीला आला. "मॅडम, अब्बी ठीक करते ना. सब मिलको सात करदें? सात ठीक है?"

"सात जास्ती होता," उंबऱ्यावरून एक बाई म्हणाली. "पाँच-पाँच लिखो सबके. किसीकू शक नै आता."

"सबके पाँच आये तो और शक आता," तिसरा म्हणाला. "थोडे के चार, थोडे के छे."

आणि तिथे, गाड्यांच्या आणि वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधे, देशातल्या लोकशाहीला किती द्यायचे यावर त्या गल्लीची बैठक भरली. कोण चार देणार, कोण सहा, याची वाटणीसुद्धा सुरू झाली. मला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणीही यायला लागलं. एका परक्या बाईची नोकरी टिकावी म्हणून ही माणसं आधी एकमुखानं दहा म्हणाली होती आणि आता तितक्याच तळमळीनं आपापसांत चार आणि सहा वाटून घेत होती. स्वतःला काय वाटतं हे त्यांतल्या एकानंही अजून सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "काही ठरवू नका. मी आधी ऑफिसला बोलते."

कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलात बसून साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं. मग म्हणाले, "मॅडम, हे मी रिपोर्टमध्ये लिहू कसं?" मी म्हटलं, "जसंच्या तसं लिहा. आणि तिच्या शेऱ्याची चौकट वाचा. तुमच्या मशीननं वाचली नाही, मी वाचली." माझा आवाज चढला होता. शेजारच्या टेबलावरचा माणूस चहा बशीत ओतायचा थांबला. त्यांनी दहा मिनिटं मागितली. त्या दहा मिनिटांत मी दोन चहा प्याले आणि गोपाळरावांचा चेहरा आठवायचा नाही असं ठरवून तोच आठवत बसले.

फोन आला. चौदा फॉर्म रद्द. फरहतवर ठपका नाही, नाव कायम. ती चौदा घरं मी स्वतः दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायची, एकेकट्याला विचारून, प्रश्नाआधी दोन वाक्यं समजावून. मी फरहतला कळवलं. तिनं आधी अल्लाचे आभार मानले. मग म्हणाली, "मॅडम, खाना खाये?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मैं भी नै." दोघी हसलो. मला इतकं हलकं वाटलं की मी रिक्षावाल्याशी घासाघीससुद्धा केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. चौदांतली सहाजण अजून लाजत होती. पण दार लावून एकेकट्याला विचारल्यावर गल्ली वेगळीच निघाली. कुणी आठ म्हणालं. कुणी 'एक' असं पुटपुटून दाराकडे बघितलं, आणि मी टॅबवर पदर धरला. जावेद टॅबवरच्या गोलांकडे बघत म्हणाला, "मॅडम, ये मुश्किल है. स्टार देना आसान है," आणि मग चार म्हणाला. एका बाईनं सांगता येत नाही म्हटलं, आणि या वेळी ते उत्तर मी नीट जपून लिहिलं.

सगळ्यात शेवटी हुसैनी बींकडे गेले. त्या बाजेवर बसून गोंडेच बांधत होत्या. मी दोन वाक्यं समजावली, प्रश्न वाचला. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"पैले तुम बोलो. फरहत की नौकरी बची?"

"बची, खालाम्मा."

"पक्की?"

"पक्की. काल मला स्वतः साहेबांनी सांगितलं."

"मैं जो बोलूँगी उससे उसकू कुछ नै होता?"

"काही होत नाही. कुणालाच नाही. तुम्हालाही नाही."

त्यांनी सुई कापडात खोचली, दोरा दातांनी तोडला आणि मांडी नीट घालून बसल्या. मतदानाच्या रांगेत आपला नंबर आला की बायका पदर सावरून जशा सरळ होतात, तशा.

"तो फिर लिखो बेटा," त्या म्हणाल्या. "तीन."